नैवेद्य दाखवून झाल्यावर

नवरात्रात घराच्या रीतीप्रमाणे पाचव्या माळेला, सातव्या माळेला किंवा अष्टमीला तुळजापूर आणि आसपासच्या खेड्यांत कडाकण्या होतात. गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवलेली कणीक, तिला कडकडीत तेलाचे मोहन, कुणाकडे थोडा रवा, कुणाकडे बेसनाचा हात. पुरीपेक्षा पातळ लाटून मंद आचेवर तळली की कडाकणी फुगत नाही आणि दिवसचे दिवस टिकते. गोल कडाकण्यांबरोबर त्याच कणकेची वेणी, फणी, करंडा, आरसा, जोडवी, बांगड्या असा देवीचा साजही तळला जातो. हा सगळा फुलोरा दोऱ्यात ओवून घटावर टांगतात, आणि मग तो तिथेच राहतो. घरातल्या पोरांनी येता-जाता माना वर करून बघायचे, हात लावायचा नाही. दसऱ्याला घट उठले की दोरा सुटतो आणि कडाकण्या वाटल्या जातात. तोवर त्या थोड्या सादळलेल्या असतात. ऊद, धूप आणि तेलाच्या दिव्याचा वास त्यांत मुरलेला असतो. लहानपणी सादळलेलीच कडाकणी खाल्लेल्या माणसाला पुढे कधी कढईतून निघालेली ताजी कडाकणी मिळाली, तर ती काहीशी पोरकी लागते.

घरच्या खाऊच्या आठवणी सांगायला बसले की माणसे आधी मोठ्या पदार्थांची नावे घेतात. पुरणपोळी, करंजी, अनारसे, शेंगापोळी. थोडे बोलते केले, की गोष्ट हळूच कडेला सरकते. पापडाची तेलात बुडवलेली लाटी. कुरडयांचा गरम चीक. लोणी कढवल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेली बेरी. खिरीच्या भांड्याची खरवड. पाट्यावर शेवटी राहिलेला पुरणाचा गोळा. मोठ्या पदार्थाबद्दल लोक चांगला-वाईट असा अभिप्राय देतात. लाटीबद्दल आणि बेरीबद्दल मात्र ती कुणी दिली, कुणाला जास्त मिळाली, कुणी चोरून खाल्ली हे सगळे सांगतात.

याचे कारण या पदार्थांच्या जन्मातच आहे. इथला घरचा खाऊ घरच्यांसाठी म्हणून क्वचितच झाला. तो देवीसाठी झाला, देवीला आलेल्या पाहुण्यासाठी झाला, माहेरी आलेल्या लेकीसाठी, जावयासाठी, पोळ्याला बैलासाठी, येळवशीला शेतासाठी झाला. घरच्या पोरांच्या वाट्याला आले ते त्याच्या आधीचे किंवा नंतरचे: अर्धवट शिजलेले, तुटलेले, सांडलेले, उरलेले. तुळजापूरच्या खाऊच्या आठवणी त्या उरलेल्यात आहेत, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. ‘आईच्या हातची चव’ हा आपल्याकडे फार गोड लिहिला गेलेला विषय. त्यात आईची भरून आलेली पाठ, चुलीचा धूर आणि तेलाचा भाव सहसा नसतो. इथे तोही थोडा येईल.

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरात वसलेले आहे. सोलापूर इथून साधारण 45 किलोमीटर. देवीचे पुजारी म्हणजे भोपे आणि पाळीकर घराणी. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगण-आंध्रातून येणारे भक्त पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या पुजाऱ्याकडे उतरत आले. आंघोळ, पूजा, ओटी, नैवेद्य, जेवण सगळे तिथेच. त्यामुळे या घरांची स्वयंपाकघरे अर्धी घरची आणि अर्धी गावाची राहिली. कुठल्या गावची माणसे किती, उपवासाचे किती, सवाष्णी किती याचा हिशेब चूल पेटण्याआधी लागायचा, आणि तो बायका तोंडीच लावायच्या.

देवीचा नैवेद्य म्हटला की पुरण आलेच. हरभऱ्याची डाळ शिजवून वरचे पाणी वेगळे काढायचे, डाळीत गूळ घालून ती आटवायची आणि गरम असतानाच पाट्यावर किंवा पुरणयंत्रातून वाटायची. डाळीचे ते काढलेले पाणी, म्हणजे येळवणी, आमटीला. पोळीबरोबर दूध, तूप किंवा गुळवणी. यात टाकून देण्यासारखे काही उरतच नाही, आणि घरच्यांचे पोट बऱ्याचदा त्या न टाकलेल्यावरच भरते. पुरणाची पोळी पाहुण्यांच्या पंगतीत संपली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शिळ्या भाकरीवर आमटी असते. रात्रभर मुरलेली ती आमटी ताजीपेक्षा सरस, याबद्दल या भागात फारसे मतभेद नाहीत.

खुद्द देवीच्या सेवेतही खाण्याचे पदार्थ ठसठशीत दिसतात. सिंहासन पूजेत दही, श्रीखंड, आमरस अशा पदार्थांनी देवीचे सिंहासन भरले जाते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी पौर्णिमेपर्यंत पलंगावर निद्रा घेते, आणि कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडचा रस्ता अनवाणी चालणाऱ्यांनी भरून जातो. वाटेवर जागोजागी चहा, केळी, शिरा, खिचडी घेऊन लोक उभे असतात. रात्रभर चालणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातावर ठेवलेला तो शिराही कुणाच्या तरी घरच्या पातेल्यातून आलेला असतो.

वर्षाचे वेळापत्रक पाहिले तर सण पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच वाचकाला ठाऊकच आहेत. संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पोळी, नागपंचमीला काही चिरायचे-तळायचे नाही म्हणून वाफवलेली पुरणाची दिंडं, महालक्ष्म्यांपुढचा फराळ, दिवाळी. ते सगळे इथेही आहे. आषाढातले तळण मात्र थांबून पाहण्यासारखे.

पेरण्या आटोपलेल्या असतात, हवा कुंद, घरात माणसे बसलेली. आषाढ तळायचा म्हणजे तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि कापण्या. कापण्यांसाठी गुळाच्या पाण्यात कणीक भिजवायची, त्यात तीळ, खसखस किंवा बडीशेप, जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या आणि तांबूस तळायच्या. दिसायला साध्या, चावायला दांडग्या. डबा भरून लेकीच्या सासरी जायचा आणि तिकडे तो शेजारीपाजारी वाटला जायचा. लेकीच्या हाती किती लागायच्या हा प्रश्न वेगळा.

आज हे वाचताना तळणात विशेष ते काय, असे वाटेल. पण तेल ही जपून वापरायची वस्तू होती. मराठवाड्यात घरोघरी करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल असे. रब्बीच्या ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे पेरत. तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत, म्हणजे कुंपणही व्हायचे आणि तेलही मिळायचे. बी घाण्यावर नेऊन तेल काढून आणायचे आणि ते वर्षभर पुरवायचे. रोजच्या फोडणीला पळीभर तेल घालणाऱ्या घरात कढईभर तेल चुलीवर चढणे हाच सण होता. म्हणून तळणाचा वास गल्लीभर जायचा, आणि म्हणूनच तो साठ वर्षांनंतरही लोकांच्या नाकात आहे.

उन्हाळ्यातल्या वाळवणाचे तसेच. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, गाळून चीक बसवायचा. पहाटे अंधारात आधण ठेवायचे; मीठ-हिंग घातलेल्या त्या पाण्यात चीक ओतून दोघीतिघींनी आळीपाळीने हाटायचा, कारण एकीचा हात थांबला की गुठळी झालीच. ऊन वर येण्याच्या आत सोऱ्यातून कुरडया घालून मोकळे व्हायचे. मुले उठायची ती चिकासाठी. वाटीत गरम चीक, कुणाला वर तेल, कुणाला दूध-साखर. त्याबदल्यात दिवसभर गच्चीवर बसून कावळे हाकलायचे. गाळून राहिलेल्या चोथ्यातही जिरे-तिखट घालून पापड्या घातल्या जात. कुरडई मात्र डब्यात बंद व्हायची ती अक्षय्य तृतीयेच्या आमरसासाठी, लग्नाच्या रुखवतासाठी, पाहुण्यांसाठी.

शेवयांनी तर दोन धर्मांची घरे जोडली. हा धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तुळजापूर तालुक्यातल्याच नळदुर्गासारख्या गावांत हिंदू-मुसलमानांची घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत. एका घरातल्या शेवया शीरखुर्म्यात जातात, दुसऱ्या घरातल्या गुळाच्या खिरीत. पाटावर शेवया वळण्याचे कसब एकच.

आता येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, धाराशिव, लातूर आणि लगतच्या सोलापूर-कर्नाटकच्या पट्ट्यात शहरे ओस पडतात. दुकाने बंद, रस्ते रिकामे, सगळे रानात. शेतात कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, रानात आंबील शिंपडायची. हे जेवण वर्षात एकदाच असे होते: बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील, खिचडा, गव्हाची खीर, तीळ-शेंगदाण्याच्या पोळ्या. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. हिवाळ्यात रानात जे जे मिळेल ते, हरभरा, तूर, वाटाणा, वाल, मेथी, चाकवत, कांद्याची पात, सगळे चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवलेले. ती आदल्या रात्री शिजते आणि मोठ्या भांड्यात असते. थोडी भज्जी कुणी करत नाही. आंबील ज्वारीच्या पिठाची, ताकातली, मातीच्या बिंदग्यात आंबवलेली.

या दिवशी नेहमीची उतरंड थोडी उलटी होते. पहिला मान रानाचा, पण त्यानंतर पंगत बसते ती ज्याला शेत नाही अशा शेजाऱ्याची, मित्रांची, मास्तरांची, बँकेत बदलून आलेल्या परगावच्या साहेबाची. आमच्या रानात या, असे आमंत्रण दहा ठिकाणांहून येते आणि दहाही ठिकाणी थोडे थोडे खावे लागते. परगावी स्थायिक झालेल्या इथल्या माणसाला दिवाळीला घरी जायला जमले नाही तर चालते. येळवस चुकली तर तो दिवसभर चिडचिड करतो. या खाण्यात गोड काय, तर गव्हाची खीर, जिला सीमेकडे हुग्गी म्हणतात. खपली गहू ओलसर करून उखळात सडायचा, कोंडा पाखडायचा, मऊ शिजवायचा, गूळ घालायचा, आणि दूध ताटात वरून. लग्नाच्या पंगतीतही हीच खीर. ज्या मुलखात रोजची भाकरी ज्वारीची, तिथे गहू हीच मोठी चैन होती. साखर-मेव्याची गरज कुणाला वाटली नाही.

गहू चैनीचा होता हे म्हटले, की तो कुणाच्या घरी होता हेही विचारावे लागते. फुलोरा, पुरण, बेरी यांच्या आठवणी सगळ्या गावाच्या नाहीत. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे 2015 साली आलेले पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याबद्दल आहे. त्यात तुपा-दुधाची रेलचेल नाही. जे मिळाले, जे वाट्याला आले, जे बाकीच्यांनी टाकले, त्यातून रांधलेले अन्न आहे. 2024 मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही आला. ‘उरलेले’ या गोष्टीकडे पुजाऱ्याच्या घरातले पोर आणि गावकुसाबाहेरचे पोर एकाच नजरेने पाहू शकत नाही. पहिल्याला बेरी ही गंमत होती. दुसऱ्याच्या घरी सणाची पोळी मागून आणलेली असे, आणि ती आठवण सांगताना आवाज बदलतो. मराठी पाकपुस्तकांनी ही दुसरी चव फार वर्षे पानात घेतलीच नाही.

दुष्काळाने मात्र काही चवी बऱ्याच घरांत सारख्या वाटल्या. 1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो आला. त्याच्या भाकरीबद्दल त्या पिढीने एकही चांगला शब्द काढलेला नाही. त्याच वर्षी दुष्काळी कामांवर सुकडी मिळू लागली. दिवसभर खडी फोडून आलेल्या आईच्या पदराला बांधलेली गोडसर सुकडी ही कित्येकांची त्या वर्षातली एकमेव मिठाई. ती घरी केलेली नव्हती, तिची कृती कुणाला माहीत नव्हती, तरी घरच्या खाऊच्या गप्पांत ती हमखास येते. तिला वगळून या भागाच्या खाऊची वही लिहिता येणार नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भूमच्या डोंगराळ भागात, खाऊची गोष्ट दुधाच्या वाटेने जाते. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये इथेच सल्लेखना घेतली. त्याच परिसरात घरोघरी आणि भट्ट्यांवर खवा होतो. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून जनावरे. आणि दूध लांबच्या शहरापर्यंत टिकत नाही, खवा टिकतो. म्हशीचे पाच लिटर दूध आटवले की साधारण किलोभर खवा पडतो. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास ते तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेलाही मिळाले. धाराशिवच्या गुलाबजामुनांचे नाव ज्यांनी ऐकले आहे त्यांना या खव्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. खवा करणाऱ्या घरातल्या मुलांना मात्र आठवते ती कढईच्या कडेला धरलेली खरपूड. खवा विकायचा असतो.

या सगळ्याच्या कृती लिहिल्या कुणी? मराठीत पाकशास्त्राची छापील परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 चे. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने नव्या संसारांना केवढा तरी आधार दिला. पण कडाकणी आणि भज्जी करणाऱ्या बायकांचे माप वाटीचे नव्हते. ‘मावेल तेवढे पीठ’, ‘हाताला लागेल इतपत’, ‘गूळ डोळ्यांनी बघून’. यात टाळाटाळ नाही. प्रत्येक वर्षीचा गूळ वेगळा, दळण वेगळे, ज्वारी जुनी की नवी यावर पाणी वेगळे. बोटांना जे कळायचे ते कागदावर उतरवणे अवघड होते, आणि लेक तर शेजारी बसून बघतच होती.

शेजारी बसणे संपले, की कागद लागतो. त्याचे टोकाचे उदाहरण फार लांबचे आहे. दुसऱ्या महायुद्धात तेरेझिन इथल्या नाझी छळछावणीत उपाशी बायकांनी आठवणीतून पाककृती लिहून काढल्या. त्यांतल्या मिना पेश्टर 1944 मध्ये छावणीतच वारल्या. मुलीसाठी ठेवलेले ते बाड हातोहात फिरत सुमारे पंचवीस वर्षांनी न्यूयॉर्कला तिच्यापर्यंत पोहोचले आणि 1996 मध्ये ‘इन मेमरीज किचन’ या नावाने पुस्तकरूपात आले. त्यातल्या काही कृतींत जिन्नस राहून गेले आहेत, काही तशा केल्या तर पदार्थ बिघडेल. तरी त्यांत कुणी दुरुस्ती केली नाही, हे योग्यच झाले.

इथे तसे संकट नव्हते, पण घरे मोडण्याचे प्रसंग आले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटता उलटता, लातूर आणि धाराशिवच्या उमरगा-लोहारा भागातली गावे भूकंपात कोसळली. पुनर्वसनात घरे नवी झाली, चुलींच्या जागा बदलल्या, उखळ-पाटे दगडमातीतच राहिले. शेतही बदलत गेले. सोयाबीन आले, पैसा देऊ लागले, आणि करडई, जवस, हुलगा, खपली हे बांधावरचे आणि बांधाआतले सोबती मागे पडले. म्हणजे कृती विसरण्याच्या आधी जिन्नस हरवले. भूकंपानंतरच्या कामातून उभी राहिलेली स्वयम्‌ शिक्षण प्रयोग ही संस्था याच भागातल्या बायकांबरोबर एक एकराच्या शेतीचे काम करते: घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या हाती, त्यात कडधान्ये, भरड धान्ये, भाज्या. 2016 मध्ये या संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या एकराचा पहिला हेतू घरच्यांच्या ताटात अन्न पडावे हा आहे. खाऊच्या बाजूने पाहिले तर येळवशीच्या भज्जीत पडणाऱ्या अर्ध्याअधिक गोष्टी त्याच एकरात उगवतात.

आता करंज्या पार्सलने पुण्याला जातात, बचत गटांच्या शेवया आणि कुरडया पाकिटात मिळतात, पुरण मिक्सरमधून निघते. यात हळहळण्यासारखे थोडे आहे आणि सुटका वाटावी असे बरेच. पाट्यावर पायलीभर पुरण वाटलेल्या बाईला मिक्सरबद्दल विचारून पाहावे. पाट्याच्या चवीचे गोडवे तिच्या तोंडून क्वचितच ऐकू येतील. ते गाणारे बहुधा पंगतीत बसलेले असतात.

पुढे येणाऱ्या कृती वाचताना म्हणून दोनतीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जिथे फक्त ‘तेल’ म्हटले आहे तिथे जुन्या कृतीत करडईचे समजावे. दुसरे वापरले तर वास वेगळा येईल, पदार्थ बिघडणार नाही. गूळ फार पिवळाधमक असेल तर कापण्यांना हवा तो तांबूस रंग येत नाही. कडाकणीच्या कणकेत पाणी जरा जास्त झाले तर ती फुगते, आणि फुगलेली कडाकणी दोऱ्यावर तुटते. शेंगापोळीच्या सारणात तीळ घालावेत की नाही यावर सोलापूरकडच्या आणि लातूरकडच्या सुगरणी कधी एकमत होतील असे दिसत नाही. एकाच घरात सासू घालते आणि सून घालत नाही अशीही उदाहरणे आहेत, आणि दोघींच्या पोळ्या संपतात. ज्याला निवाडा करायचा असेल त्याने दोन्ही करून बघाव्यात. सारण थोडे जास्तच करावे, कारण लाटायला घेईपर्यंत त्यातले निम्मे कुणीतरी चमच्याने खाऊन टाकते.